पानावरचा शब्द आणि पानामागचा हेतू

१

साहित्यकृतीचा अर्थ ठरविताना लेखकाच्या हेतूला किती स्थान द्यावयाचे, हा प्रश्न मराठी समीक्षेला नवा नाही. विमसॅट आणि बिअर्डस्ली यांनी १९४६ मध्ये हेतूवरून कृतीचा निवाडा करण्यातील दोष दाखविला. रोलाँ बार्त यांनी १९६७ मध्ये लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली. या दोन्ही भूमिकांचा परिचय, पुरस्कार आणि प्रतिवाद आपल्याकडे पुष्कळ झाला. तरीही प्रत्यक्ष समीक्षा लिहिताना 'कवीला येथे असे म्हणावयाचे आहे' हे वाक्य आपल्या लेखणीतून सहज उतरते आणि त्याबद्दल आपल्याला संकोचही वाटत नाही. याचे एक कारण असे की, साहित्याच्या वाचनात चूक झाली तर वाचकाचे तत्काळ काही बिघडत नाही. दोन परस्परविरोधी अर्थ एकाच ग्रंथालयात वर्षानुवर्षे शेजारी शेजारी नांदू शकतात.

म्हणून ज्या क्षेत्रात शब्दाचा अर्थ तेथल्या तेथे ठरवावा लागतो आणि ठरलेल्या अर्थाचा परिणाम वाचणाऱ्याला लगेच भोगावा लागतो, अशा क्षेत्राकडे पाहणे उपयुक्त ठरेल. कायदा हे असे एक क्षेत्र आहे. परंतु तेथे अर्थामागे शासनाची सत्ता उभी असल्याने शुद्ध वाचनाचा प्रश्न झाकोळतो. प्रस्तुत लेखात त्याहून साध्या, वरकरणी क्षुल्लक वाटणाऱ्या क्षेत्राचा विचार करावयाचा आहे : 'व्हॅम्पायर : दी इटर्नल स्ट्रगल' हा संग्राह्य पत्त्यांचा खेळ, त्यातील नियमांविषयीचे वाद आणि खेळाडू ज्यांना 'कॉम्बो' म्हणतात त्या पानांच्या प्रभावी जुळण्या. या खेळाच्या जगात एक भेद कसोशीने पाळला जातो. संहितेचे वाचन ही एक क्रिया आणि संहितेची दुरुस्ती ही दुसरी. आपल्या समीक्षेत या दोन क्रियांची वारंवार गल्लत होते, असे मला वाटते.

२

पत्ता म्हटला की मराठी वाचकासमोर राजा, राणी, गुलाम येतात. अधिक जाणत्या वाचकासमोर सावंतवाडीचा गंजिफा येतो. दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा, म्हणजे एकूण १२० पाने असतात. पाच रंगांत राजा-प्रधानानंतर दश्शीपासून खाली एक्क्यापर्यंत उतरता क्रम लागतो, तर उरलेल्या पाचांत तो उलटतो आणि एक्का श्रेष्ठ होतो. दिवसा डावाची सुरुवात रामाच्या रंगाने करावयाची, रात्री कृष्णाच्या. यांपैकी एकही नियम पानावर लिहिलेला नसतो. पानावर केवळ चित्र असते. नियम खेळणाऱ्यांच्या स्मरणात आणि परंपरेत असतो. गंजिफ्याचे पान हे चिन्ह आहे, विधान नव्हे.

१९९३ मध्ये रिचर्ड गार्फील्ड यांचा 'मॅजिक : द गॅदरिंग' हा खेळ आला आणि पत्त्याचे स्वरूप पालटले. येथे प्रत्येक पानावर चित्राखाली एकदोन वाक्ये छापलेली असतात आणि ती वाक्ये खेळाचा नियमच बदलतात. त्याच गार्फील्ड यांनी १९९४ मध्ये 'जिहाद' या नावाने रक्तपिपासूंचा खेळ रचला. त्याला आधार होता 'व्हॅम्पायर : द मॅस्करेड' या १९९१ मधील भूमिका-खेळाचा. पुढच्याच वर्षी त्याचे नाव बदलून आजचे नाव ठेवण्यात आले. २०१० मध्ये त्याचे प्रकाशन थांबले. २०१८ पासून ब्लॅक चँट्री प्रॉडक्शन्स या संस्थेने ते पुन्हा सुरू केले. सर्वसाधारणपणे चार किंवा पाच जण गोलाकार बसून तो खेळतात. प्रत्येकाच्या डावीकडचा गडी हा त्याचे भक्ष्य, उजवीकडचा त्याचा भक्षक. प्रत्येकाजवळ आरंभी प्रभावाच्या तीस सोंगट्यांचा साठा असतो. तो संपला की गडी बाद होतो.

या साठ्याची योजना लक्षात घेण्यासारखी आहे. पटावर पात्र आणावयाचे, म्हणजे एखादा रक्तपिपासू जागा करावयाचा, तर त्याची किंमत याच साठ्यातून द्यावी लागते. आणि दिलेल्या सोंगट्या त्या पात्राच्या अंगचे रक्त होतात. ज्याने आपण जगतो तेच खर्चून आपले हस्तक उभे करावयाचे. जितके हस्तक अधिक, तितके आपण मरणाच्या जवळ. रक्तपिपासूची कल्पना येथे चित्रांतील सुळ्यांत आणि काळ्या झग्यांत नाही, ती हिशेबाच्या रचनेत आहे. आशय आणि रूप यांच्या एकात्मतेविषयी आपण जे बोलतो त्याचे इतके उघड उदाहरण क्वचित सापडते.

पानावर वाक्य आले म्हणजे त्याच्या वाचनाचा प्रश्नही आला. या खेळाच्या नियमपुस्तकात एक सुवर्णनियम आहे : पान आणि पुस्तक यांच्यात विरोध आला तर पान प्रमाण. आपल्या शास्त्रपरंपरेला हा सामान्य आणि विशेष यांचा न्याय परिचित आहे. व्याकरणात उत्सर्गाला अपवाद बाधित करतो. दोन सूत्रे एकाच स्थळी भिडली तर बलाबल कसे ठरवावे, यावर काळे या महाराष्ट्रीय घराण्यातील नागेशभट्टांनी काशीत बसून 'परिभाषेन्दुशेखर' लिहिला. खेळाडूंच्या जगातही नियम सांगणाऱ्या नियमांचे असे एक दुसरे शास्त्र आपोआप तयार झाले. शब्दाला बांधून घेणाऱ्या कोणत्याही समूहाला ते तयार करावेच लागते.

३

एक प्रसंग कल्पू या. नागपुरात प्रताप नगरातील एखाद्या घरी पाच जण टेबलाभोवती बसले आहेत. त्यांना क्रमाने अ, ब, क, ड, इ म्हणू. अ च्या डावीकडे ब, ब च्या डावीकडे क. अ चे पात्र ब वर 'ब्लीड' करते, म्हणजे ब च्या साठ्यातून प्रभाव गळवू पाहते. पात्राची मूळ ताकद एक. अ 'कंडिशनिंग' हे पान टाकून तीत तीनाची भर घालतो. ब ची पात्रे आडवी येत नाहीत. मग ब 'डिफ्लेक्शन' हे पान उतरवतो. त्याचा आशय असा की, हल्ला करणारे पात्र आता ब ऐवजी दुसऱ्या गड्यावर ब्लीड करीत आहे. ब अर्थातच क ची निवड करतो. आता क विचारतो : अ ने घातलेली तीनाची भर ब साठी होती, ती माझ्यावर कशी येईल? आणि माझ्या पात्रांना आडवे येण्याची संधी मिळाली नाही, त्याचे काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर वाक्याच्या रचनेतून मिळते. भर पडली ती कृतीत, लक्ष्यात नव्हे. 'डिफ्लेक्शन' कर्ता बदलत नाही, क्रिया बदलत नाही. ते केवळ कर्म बदलते. म्हणून क्रियेचे विशेषण क्रियेबरोबर राहते आणि क ला चारही सोसावे लागतात. दुसऱ्या प्रश्नाचेही उत्तर तसेच मिळते : कर्म बदलले म्हणजे नव्या कर्माचे हक्क उत्पन्न झाले, क ला आडवे येण्याची संधी दिली पाहिजे. यात 'अ ला काय अभिप्रेत होते' हा प्रश्न कोणीही विचारीत नाही. अ ला क वर हल्ला करावयाचा नव्हताच. त्याचा हेतू निर्विवाद आहे आणि तरीही निरुपयोगी आहे. एवढेच नव्हे, या घावाने क बाद झाला तर विजयाचा गुण आणि साठ्यातली सहाची भर ही अ ला मिळत नाही. ती ब ला मिळते, कारण क हे ब चे भक्ष्य. कृती एकाची, फळ दुसऱ्याचे. उच्चारलेल्या वाक्यावर उच्चारणाऱ्याची मालकी किती उरते, याचा हा जवळजवळ गणिती नमुना आहे.

याहून सूक्ष्म प्रश्न क्रमाचा आहे. नियमानुसार पान टाकण्याची पहिली संधी कृती करणाऱ्या गड्याला मिळते. तो थांबला तर ती इतरांकडे जाते. कोणी काही टाकले की ती पुन्हा पहिल्याकडे येते. सर्वच ओळीने थांबले तर कृती आहे तशी पूर्ण होते. आता अ ची कोंडी पाहा. त्याने 'कंडिशनिंग' आधी टाकले तर ब ते चार सरळ क वर वळवून स्वतःचे काम साधून घेईल. तो गप्प राहिला आणि ब ने एकाच्याच धास्तीने 'डिफ्लेक्शन' खर्चून टाकले, तर अ ला पुन्हा संधी मिळेल आणि भर घालावी की नाही ते तेव्हा ठरविता येईल. परंतु तो गप्प राहिला आणि ब सुद्धा गप्प राहिला, तर एकावर सारे आटोपेल. येथे मौन ही रिकामी जागा नाही. ती एक उक्ती आहे, तिलाही परिणाम आहे.

मराठी वाचकाला या ठिकाणी विक्रमाची आठवण व्हावी. सदाशिव काशिनाथ छत्रे यांच्यामुळे 'वेताळपंचविशी' मराठी गद्याच्या अगदी आरंभीच आपल्याकडे आली. रिचर्ड बर्टन यांनी १८७० मध्ये त्या कथांचे इंग्रजी रूपांतर करताना वेताळासाठी 'व्हॅम्पायर' हाच शब्द वापरला. तो शब्द काटेकोर नाही. वेताळ प्रेतात शिरतो, रक्त पिणे हा त्याचा मुख्य धर्म नव्हे. परंतु पंचविशीची चौकट पाहिली तर साम्य वेगळ्याच जागी आढळते. प्रत्येक कथेच्या शेवटी वेताळ जो प्रश्न टाकतो तो नियमाचा प्रश्न असतो : या तिघांत कन्येचा खरा पती कोण, अपराध कोणाच्या माथी, थोरवी कोणाची. राजाला उत्तर ठाऊक असून तो गप्प राहिला तर मस्तक फुटेल. तो बोलला तर प्रेत पुन्हा झाडावर जाईल. बोलण्यात हानी, मौनात मरण. शब्दार्थाचा निर्णय करणाऱ्याला त्या निर्णयाची किंमत चुकवावी लागते, हे सूत्र पंचविशीने फार पूर्वी कथेत बांधून ठेवले आहे.

४

आता कॉम्बोचा विचार करू. दोन पाने एकत्र आल्याने असा परिणाम घडतो की जो त्यांपैकी एकाही पानावर लिहिलेला नसतो. 'फ्रीक ड्राइव्ह' हे पान घ्या. कृती संपवून थकलेल्या पात्राला ते पुन्हा ताजे करते, म्हणजे नव्या कृतीस मोकळे करते. एवढेच त्याचे म्हणणे. ब्लीडच्या नियमाचे म्हणणे एवढेच की, ताजे पात्र ब्लीड करू शकते. दोन्ही वाक्ये निरुपद्रवी आहेत. शेजारी ठेवली की एकच पात्र एकाच फेरीत भक्ष्याला पुन्हा पुन्हा सोलू लागते.

हा तिसरा अर्थ कोठून आला? तो पहिल्या वाक्यात नाही, दुसऱ्यातही नाही. आपल्या शाब्दबोधाच्या विचारात वाक्यार्थासाठी आकांक्षा, योग्यता आणि संनिधी या तीन अटी सांगितल्या आहेत. एका पदाला दुसऱ्याची अपेक्षा असावी, त्यांचा अन्वय संभवनीय असावा, ती जवळ यावीत. कॉम्बो शोधणारा खेळाडू नेमके हेच करतो. तो प्रत्येक पानाकडे अपुरे वाक्य म्हणून पाहतो. 'फ्रीक ड्राइव्ह'ला कृतीची आकांक्षा आहे. कोणती कृती, हे ते सांगत नाही. ती उणीव भरणारे पान तो शोधतो आणि दोघांना आपल्या जोडात एकत्र ठेवून संनिधी घडवितो. जोड पिसल्यावर ती दोन्ही पाने सात पानांच्या हातात एकाच वेळी येतील की नाही, हे नशिबावर. म्हणून जाणता खेळाडू एकाच आकांक्षेला अनेक पूरके ठेवतो. जोड बांधणे हा या अर्थाने रचनेचाच प्रकार आहे आणि त्यात वाचकच रचनाकार होतो.

या वाचनात उदारता नसते, हे मान्य केले पाहिजे. कॉम्बो शोधणारा पानाचा सर्वांत सुसंगत अर्थ शोधीत नाही; आपल्याला सर्वांत लाभदायक असा, परंतु शब्दांनी नाकारता न येणारा अर्थ शोधतो. त्याचे वाचन स्वार्थी आहे. मात्र स्वार्थामुळेच ते सावध आहे. 'किंवा' आणि 'आणि', 'प्रत्येक' आणि 'एक', 'झाल्यावर' आणि 'होत असताना' यांतील फरक त्याच्याइतका बारकाईने पाहणारा वाचक पदव्युत्तर वर्गातही सहसा भेटत नाही. समोरचा गडी त्याच वाक्याचे तितकेच स्वार्थी आणि उलट वाचन करीत असल्याने दोघांनाही शब्दापाशी थांबावे लागते. पूर्वपक्ष येथे शिष्टाचार म्हणून मांडावा लागत नाही. तो टेबलाच्या पलीकडे बसलेलाच असतो.

५

'फ्रीक ड्राइव्ह' आणि ब्लीड यांच्या जुळणीने खेळ एकतर्फी होऊ लागला तेव्हा काय झाले, हे महत्त्वाचे आहे. 'या पानाचा हेतू असा नव्हता, म्हणून असा डाव चालणार नाही,' असे कोणी म्हटले नाही. वाचन बरोबर होते. ते बरोबर म्हणूनच मानले गेले. पुढे एक नवा नियम करण्यात आला : एका पात्राने एकाच फेरीत तीच कृती पुन्हा करू नये. पानावरचा शब्द तसाच राहिला, त्याचा शेजार बदलला. परिणाम असा की, 'फ्रीक ड्राइव्ह'चे मोल संपले नाही; ते वेगवेगळ्या कृती ओळीने करू पाहणाऱ्या जोडांकडे सरकले. काही पाने मात्र अशी होती की ज्यांना दुरुस्तीनेही आवरता आले नाही. गड्यांना आपापसांत जवळजवळ कशाचाही सौदा करू देणारा 'सक्कुबस क्लब', टेबलावरच्या जागाच बदलणारे 'ड्रॅमॅटिक अपहीव्हल' ही पाने स्पर्धांतून बाद झाली. 'मॅडनेस ऑफ द बार्ड' हे पान गड्यांना यमक जुळवून बोलावयास लावीत असे. तेही बाद पानांच्या यादीत आहे. यमक जुळले की नाही हे कोणी ठरवावयाचे, याला नियमपुस्तकात उत्तर असू शकत नाही. रसिकतेचा निर्णय आणि नियमाचा निर्णय यांतील सीमारेषा या एका पानाने स्पष्ट केली.

हेतूचे स्थान अशा रीतीने निश्चित होते. रचनाकाराचा हेतू हे संहिता बदलण्याचे कारण असू शकते. संहितेचा अर्थ लावण्याचे प्रमाण असू शकत नाही. बदल झाला की तो जाहीर होतो आणि अधिकृत पाठात नोंदला जातो. जुन्या पानांवर आजही 'टॅप' हा शब्द छापलेला आहे. अधिकृत पाठात त्याजागी 'लॉक' आला आहे. हातातल्या पानावर एक शब्द आणि खेळात दुसरा, अशी स्थिती असूनही गोंधळ होत नाही, कारण कोणता पाठ कोणाच्या अधिकाराने बदलला हे सर्वांना ठाऊक असते.

आपल्या वाङ्मयात याची दोन मोठी उदाहरणे आहेत. पहिले विदर्भातीलच. रिद्धपुरात म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या 'लीळाचरित्रा'तून केसोबासांनी चक्रधरांची वचने वेगळी काढली आणि 'सूत्रपाठ' तयार झाला. प्रसंगातून सुटलेले वचन हे पानासारखेच स्वतंत्र विधान होते. ते कोठेही लावता येऊ लागले. महानुभाव पंथाने ही अडचण ओळखली. प्रत्येक सूत्र कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून निघाले हे सांगणारा 'प्रकरणवश' त्यातूनच निर्माण झाला. येथे सूत्र बदलले नाही. त्याचा संदर्भ वेगळ्या ग्रंथात, वेगळ्या नावाने दिला. मूळ आणि भाष्य यांच्यातील रेषा पुसली गेली नाही.

दुसरे उदाहरण 'ज्ञानेश्वरी'चे. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, एकनाथांनी तिचा पाठ शुद्ध केला, तसे केल्याचे सांगितले आणि पुढे कोणी तीत आपली ओवी मिसळू नये असेही बजावले. दुरुस्ती करणाऱ्याने दुरुस्ती कबूल करून तिची तिथी नोंदविणे, हे मराठी पाठपरंपरेतील अत्यंत प्रामाणिक कृत्य आहे. १९०९ मध्ये राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून मानलेली प्रत छापली आणि वाद उभा राहिला. तो वाद शक्य झाला याचे कारणच हे की, दुरुस्ती कोठे झाली याची खूण परंपरेने जपली होती.

आता समीक्षेकडे वळू. एखाद्या कवितेतील अवघड ओळ आपल्या सिद्धान्तात बसत नाही तेव्हा आपण काय करतो? कवीच्या पत्राचा, मुलाखतीचा किंवा त्याच्या एकूण जीवनदृष्टीचा आधार घेऊन त्या ओळीचा अर्थ सौम्य करतो. वस्तुतः आपण ती ओळ बदललेली असते. परंतु बदलाला वाचन असे नाव देतो. खेळाडूच्या भाषेत सांगावयाचे तर आपण पानावरचा शब्द बदलून डाव खेळलो आणि अधिकृत पाठात त्याची नोंदही केली नाही. हेतूचा शोध घेऊ नये, असे माझे म्हणणे नाही. चरित्रकाराला, वाङ्मयेतिहासकाराला तो घ्यावाच लागेल. म्हणणे एवढेच की, हेतूच्या बळावर अर्थ फिरवला जातो तेव्हा ती दुरुस्ती आहे हे उघड सांगावे.

६

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. खेळाला अंतिम शब्द देणारा अधिकारी असतो, साहित्याला नसतो. स्टॅन्ली फिश यांनी १९८० मध्ये सांगितल्याप्रमाणे अर्थ अखेर अर्थ लावणाऱ्या समूहाच्या संकेतांतून निघतो. मग खेळाडूंचे शब्दनिष्ठ वाचन हाही एक संकेतच नव्हे काय? हा आक्षेप अर्धा खरा आहे. शब्दाला प्रमाण मानावयाचे हे समूहाने ठरविले, यात शंका नाही. परंतु ठरविल्यानंतर तो शब्द समूहातील कोणाच्याही मर्जीत राहत नाही. कॉम्बो शोधणारा नवखा पोर जुन्या जाणत्यांना पानावर बोट ठेवून गप्प करू शकतो. संकेतातून निघालेले बंधनही बंधनच असते. आणि अधिकारी निर्णय देतो तेव्हा तोही कारणे पानावरच्या शब्दांतून दाखवितो. तो नुसती आज्ञा करीत नाही.

आक्षेपाचा उरलेला अर्धा भाग मात्र स्वीकारला पाहिजे. या खेळाच्या स्पर्धानियमांत एक कलम असे आहे की, प्रत्येक गड्याने जिंकण्यासाठीच खेळले पाहिजे. मित्राला गुण मिळावा म्हणून स्वतःचा पराभव ओढवून घेणे निषिद्ध. येथे पंचाला गड्याच्या मनात शिरावे लागते. हेतू परत आला. मात्र तो रचनाकाराचा नव्हे, वाचणाऱ्याचा. शब्दाला प्रमाण मानणारी व्यवस्था टिकावी म्हणून वाचकाच्या प्रामाणिकपणाची अट घालावी लागली. पाच स्वार्थी वाचक एका टेबलाभोवती बसून न्यायाने खेळू शकतात. परंतु त्यांतील एकाने वाचनाचे नाटक केले तर डाव कोसळतो.

साहित्याच्या समीक्षेला बाद पानांची यादी करता येत नाही, ती करूही नये. तिच्याजवळ दुरुस्तीचा अधिकार नाही; असलाच तर एकनाथांसारखा, जबाबदारी पत्करून आणि तिथी नोंदवून वापरण्याचा अपवादात्मक अधिकार आहे. तिचे नित्याचे काम वाचनाचे. ते करताना क ने विचारलेले प्रश्न आपण स्वतःला विचारावेत : हे विशेषण क्रियेचे की कर्माचे, आणि माझ्या अर्थाला आडवे येण्याची संधी मी शब्दांना दिली काय? कवीला काय म्हणावयाचे होते, हा प्रश्न त्यानंतरचा.